भांडी घासायचे हातमोजे: इसब असलेल्या हातांना कोणते चालतात?

हाताला इसब झालं की मलमाच्या चिठ्ठीबरोबर एक सूचना हमखास मिळते: पाण्यात हात घालू नका. मोरीतली भांडी मग कोणी घासायची, हे चिठ्ठीवर नसतं. त्यामुळे गाडी हातमोज्यांवर येते, आणि दुकानात सगळ्यात पुढे टांगलेला जोड उचलला जातो.

हा जोड बहुधा पिवळ्या किंवा गुलाबी जाड लॅटेक्सचा, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचा असतो. पकड छान, काचेचा पेला निसटत नाही, लवकर फाटतही नाही. पाकिटावर 'आतून मऊ अस्तर' असं कौतुकाने छापलेलं असतं, आणि इसबवाल्यांसाठी नेमकी तीच यातली खोट. हे अस्तर म्हणजे रबराला आतून चिकटवलेली कापसाची लव. ती घाम पिते, उलटं करून वाळवलं तरी बोटांच्या टोकांशी ओलसर राहते, आणि सुटी काढून धुता येत नाही. एकदा मनगटातून साबणाचं पाणी आत गेलं, की पुढचे कित्येक दिवस हात त्याच साबणात मुरतो. धडधाकट हातांना पाचपैकी चार गुण, इसबाच्या हातांना दोन.

लॅटेक्सची आणखी एक अडचण आहे. मोजे घातल्यावर काही मिनिटांतच गांधी उठल्या, शिंका किंवा धाप लागली, तर ती लॅटेक्सची अ‍ॅलर्जी. ते मोजे परत वापरायचे नाहीत आणि डॉक्टरांना सांगायचं. पण पुरळ एक-दोन दिवसांनी आलं आणि मनगटाशी मोजा संपतो तिथेच थांबलं, तर संशय रबर पक्कं करायला घातलेल्या थायुरम, कार्बामेट अशा रसायनांवर घ्यावा. इथे बरेच जण फसतात, लॅटेक्स सोडून नायट्राइल, म्हणजे कृत्रिम रबराचे मोजे घेतात. नायट्राइलमध्येही हीच रसायनं असू शकतात. खात्री पॅच टेस्टने होते: पाठीवर संशयित रसायनांच्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुढे परत एकदा पाठ बघतात.

अशांना पीव्हीसीचे जाड मोजे बरे. जरा ताठर असतात, बारीक चमचे धरताना चिडचिड होते, पण रबराची रसायनं सहसा नसतात. ती अ‍ॅलर्जी नसेल तर बिनअस्तराचे जाड नायट्राइल घ्यावेत. हाताला व्हॅसलिन असलं तरी नायट्राइल टिकतं. लॅटेक्स मात्र त्याने सैल पडून फाटतं.

पातळ, वापरून फेकायचे मोजे भांड्यांसाठी नाहीत. आखूड असतात, पाणी आत जातंच. मिरच्या चिरायला किंवा लिंबं पिळायला ठीक. लसणाला मात्र ते पुरत नाहीत. पाकळी धरणाऱ्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटंच टोकाला चिरत असतील, तर लसणावर संशय घ्या. त्यातलं डायअ‍ॅलिल डायसल्फाइड हे रसायन बहुतेक मोज्यांतून आरपार जातं. सोलायचं काम दुसऱ्याकडे द्यावं, हे उत्तम.

खरी खरेदी या मोज्यांच्या आत घालायच्या सुती मोज्यांची. शाळेच्या संचलनात घालतात तसले पांढरे चालतात, पण त्यांत नायलॉन फार खपवलं जातं. पाण्याचा थेंब टाकून बघा. सुतात सहसा लगेच जिरतो, नायलॉनवर बहुधा जरा वेळ तसाच बसतो. चार-पाच जोड हवेतच, कारण ओला झालेला तिथल्या तिथे बदलायचा असतो. धुताना बिनवासाची पावडर आणि दोनदा खळबळणं; कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण नको. सुती आत जाणार म्हणून बाहेरचा मोजा एक माप मोठा घ्यावा.

वापरताना अंगठी आधी काढायची, तिच्याखाली साबण साचतो. हात पूर्ण कोरडे हवेत. बाहेरच्या मोज्याची कड दोन बोटं उलटी दुमडली की हात वर केल्यावर ओघळ कोपराकडे न जाता घडीत अडतो. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे, पाणी कोमट. आठवड्यातून एकदा मोज्यात पाणी भरून तोंड पिळा; कुठूनही थेंब आला तर मोजा फेका. भोक पडलेला मोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण आत गेलेलं साबणाचं पाणी बाहेर पडत नाही.

मोजे काढले की लगेच बिनवासाचं पेट्रोलियम जेली किंवा घट्ट मलम, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. रात्री तेच जाडसर लावून कोरडे सुती मोजे घालून झोपावं. पातळ लोशनात पाणीच जास्त, त्यावर पैसे घालवू नका.

तळव्यावर साबुदाण्यासारखे खाजरे फोड, पिवळ्या खपल्या किंवा पू दिसला तर मोज्यांनी भागणार नाही, त्वचारोगतज्ज्ञ गाठा. एकाच हाताची साल निघत असेल तर तो नायटाही असू शकतो. त्यावर औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेलं स्टेरॉइडचं मलम चोळलं, की खाज थांबते आणि नायटा पसरतो.