कायो स्पोर्ट्सवर रग्बी लीग: पोंगाला एक नंबर शोभतो की सहा?

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेली मराठी मंडळी मला नेहमी विचारतात, 'ताई, ही रग्बी लीग समजून घ्यायची तर पैसे कशावर घालायचे?' मी कायो स्पोर्ट्स सांगते. पण ॲप चांगलं आहे म्हणजे नेमकं काय, हे सांगायला कसोटी हवी. माझी कसोटी एकच: एखादा अष्टपैलू खेळाडू कुठल्या जागेवर सगळ्यात चांगला खेळतो, हे त्या सेवेवर सामने बघून ठरवता येतं का?

मी न्यूकॅसलला राहते, म्हणजे नाइट्स या रग्बी लीग संघाच्या गावात. नाइट्सचा खेळाडू कॅलिन पोंगा याने एक नंबरची जर्सी घालावी की सहा नंबरची, हा वाद इथे फिजिओच्या टेबलावर पडलेला पेशंटही घालतो. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्याआधी साताऱ्यात कबड्डी खेळले आहे, डाव्या कोपऱ्यावर. कोपऱ्यातला खेळाडू चढाई करणाऱ्याच्या हाताला भुलत नाही, त्याच्या पायांवर नजर ठेवतो. ती सवय सुटलेली नाही, त्यामुळे पोंगाचेही मी पायच बघते.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: एका संघात तेरा जण, सहा टॅकलमध्ये (टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं) चेंडू पुढे न्यायचा आणि बहुतेक वेळा पाठीवरचा नंबर हीच खेळाडूची जागा. एक नंबर म्हणजे फुलबॅक. बचावात तो सगळ्यांच्या मागे उभा राहतो, समोरच्या किक झेलतो, पुढच्या रांगेला ओरडून जागा दाखवतो. सहा नंबर म्हणजे फाइव्ह-एट, सात नंबरच्या हाफबॅकचा जोडीदार. चाल रचायची, किक मारायची आणि बचावात थेट रांगेत उभं राहून अंगावर येणाऱ्या धिप्पाड सेकंड-रोअर्सना (ताकदीच्या फॉरवर्ड खेळाडूंना) अडवायचं, ही त्याची कामं.

आता कायो. एनआरएल म्हणजे इथली मुख्य रग्बी लीग स्पर्धा; तिच्या नेहमीच्या हंगामातला प्रत्येक सामना इथे लाइव्ह दिसतो. गुरुवार, शुक्रवार आणि रविवारचे काही सामने चॅनल नाइनवर फुकट असतात, पण एकाच संघाचा पाठपुरावा करायचा तर तेवढ्याने भागत नाही. करारात अडकवत नाहीत, महिन्यामहिन्याने घेता आणि थांबवता येतं. निकाल लपवण्याची सोय तर माझ्यासारख्या पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना वरदानच आहे. शनिवारचा सामना रविवारी बघितला तरी आधी स्कोअर कळत नाही. स्प्लिटव्ह्यूमध्ये एकाच पडद्यावर दोन सामने शेजारी शेजारी लावता येतात (काही उपकरणांवर चारही), आणि पोंगाचा प्रश्न मी त्यावरच सोडवला.

२०२३चा हंगाम आठवा. प्रशिक्षक ॲडम ओब्रायनने पोंगाला सहा नंबर दिला आणि लॅकलन मिलरला फुलबॅक केलं. कागदावर विचार पटण्यासारखा होता: तुमचा सगळ्यात हुशार खेळाडू चेंडूला जास्तीत जास्त वेळा हात लावू दे. हाच प्रयोग २०१९च्या सुरुवातीला मिचेल पिअर्सच्या जोडीने झाला होता आणि थोड्याच सामन्यांत पोंगा पुन्हा फुलबॅकला गेला होता, पण चार वर्षांत खेळाडू पिकतो, आता जमेल, असं अनेकांना वाटत होतं. पहिल्या सामन्यात वेलिंग्टनला वॉरियर्सकडून हार. दुसऱ्यात लाइकार्ट ओव्हलवर टायगर्सविरुद्ध डोक्याला मार लागून पोंगा बाहेर. त्याच्यासाठी हे पहिलं कन्कशन नव्हतं. पुढे तो तज्ज्ञांना दाखवायला कॅनडाला जाऊन आला.

डोक्याला वारंवार मार बसलेल्या माणसाला बचावाच्या रांगेत, तेही सगळ्यात जास्त हल्ला होतो त्या भागात उभं करणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. फुलबॅकलाही टॅकल करावी लागते, शेवटचा माणूस म्हणून तर मोक्याची करावी लागते. पण प्रत्येक सेटमध्ये, म्हणजे सहा टॅकलच्या डावात, त्याला ठरवून लक्ष्य केलं जात नाही. सहा नंबरला केलं जातं, कारण तो दमला की त्याच्या संघाची चालही दमते.

पण दुखापत बाजूला ठेवली तरी खेळाचं गणित उरतंच. स्प्लिटव्ह्यूवर एका बाजूला सहा नंबरचा पोंगा आणि दुसऱ्या बाजूला त्याच हंगामातला नंतरचा एक नंबरचा पोंगा लावा, आणि पाय बघा. सहा नंबरवर चेंडू हातात येतो तेव्हा तो जवळजवळ उभा असतो. समोरची रांग सरळ त्याच्यावर येते, एक पाऊल टाकायला जागा मिळते, दुसऱ्याला नाही. फुलबॅक म्हणून तो मागून, तिरका, वेगात येतो. चेंडू मिळतो तेव्हा समोरचे बचाव करणारे आधीच एका बाजूला सरकायला लागलेले असतात. मग त्याचं ते आत घेतलेलं एकच पाऊल पुरतं. शिवाय कुठल्या बाजूला, कितव्या टॅकलला घुसायचं हे तो स्वतः ठरवतो. सहा नंबरला बहुतेक वेळ आपली बाजू धरून राहावं लागतं.

तो फुलबॅकला परत गेला आणि मग काय झालं ते सगळ्या गावाने पाहिलं. नाइट्सनी हंगामाचे शेवटचे नऊ सामने सलग जिंकले, वर एलिमिनेशन फायनलमध्ये (हरणारा स्पर्धेबाहेर) जादा वेळेत कॅनबराला हरवलं. वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम मेडल पोंगाला मिळालं, शॉन जॉन्सनच्या ५५ गुणांपुढे ५६ गुणांनी. एका गुणाने का होईना, हक्काचं होतं.

सहा नंबरवाल्यांची बाजूही ऐकते मी. ते जॅक वायटनचं नाव घेतात. तो कॅनबराचा फुलबॅक होता, २०१९मध्ये फाइव्ह-एट झाला, त्याच वर्षी ग्रँड फायनल हरूनही त्या सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल मेडल घेऊन गेला आणि २०२०मध्ये डॅली एमही. कॅमरन मन्स्टरही मेलबर्न स्टॉर्ममध्ये फुलबॅक खेळून मग सहावर स्थिरावला. उदाहरणं खरी आहेत, पण ती पोंगाला लागू पडत नाहीत. वायटनला अंगावर जाऊन भिडायला आवडतं, त्याची ताकद जवळच्या लढाईत आहे. मन्स्टर विस्कटलेल्या खेळात, दोन माणसं अंगावर असताना फुलतो. पोंगाला मोकळी जागा आणि दोन पावलांचा वेग हवा.

त्याच्या अष्टपैलुत्वाबद्दल मात्र कुणी शंका घेऊ नये. २०१८च्या स्टेट ऑफ ओरिजिनमध्ये (क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स ही दरवर्षीची तीन सामन्यांची मालिका), विसाव्या वर्षी, क्वीन्सलंडने त्याला बाकावरून उतरवलं आणि तो मधल्या फळीत राक्षसांना टॅकल करत राहिला. आणि २०२२चा तिसरा, निर्णायक सामना: फुलबॅक म्हणून ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं), सामनावीर, क्वीन्सलंडचा २२–१२ विजय. कुठेही उभा केला तरी तो लढतो, हे २०१८च्या सामन्याने दाखवलं. तो कुठे सामना जिंकून देतो, हे २०२२च्या. ओरिजिन आणि ग्रँड फायनल लाइव्ह फक्त चॅनल नाइनवर असतात हे लक्षात ठेवा. त्यासाठी ९नाऊ हे फुकटचं ॲप फोनमध्ये ठेवा, कायोवर ते नंतर बघायला मिळतात.

कायोवरच्या मिनी, म्हणजे सामन्याचं छोटं रूप, कामावरून दमून आल्यावर छान. पण खेळाडूची जागा ठरवायला त्यांचा उपयोग नाही. त्यात ट्राय उरते, ट्रायच्या आधी फुलबॅकने तीनदा जागा बदलून फसवलेला बचाव उरत नाही. पूर्ण सामनाच लावा. आणि तिथेही एक मर्यादा आहे, जी कुठल्याही प्रक्षेपणाला चुकत नाही: कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. समोरचा संघ चेंडू खेळत असताना फुलबॅक चौकटीच्या बाहेर असतो, आणि त्याचं अर्धं काम तेव्हाच चाललेलं असतं.

म्हणून माझा सल्ला: ॲप घ्याच, पण हंगामात एकदा तरी मॅकडॉनल्ड जोन्स स्टेडियमवर या. तिकीट मधल्या रेषेचं घेऊ नका, गोलखांबांच्या मागचं घ्या. तिथून पोंगा समोरच्याची किक यायच्या आधी कसा डावीउजवीकडे सरकतो, हात करून कुणाला बोलावतो, ते सगळं दिसतं. पुण्यातल्या माझ्या भावाला हे शक्य नाही. तो ऑस्ट्रेलियाबाहेरच्यांसाठी असलेलं वॉच एनआरएल वापरतो आणि फोनवर माझ्याशी वाद घालतो. त्याच्या मते पोंगा अजूनही सहावर चालेल.

कायोला पाचपैकी चार. कापलेला एक गुण पडद्याबाहेर राहणाऱ्या फुलबॅकसाठी. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा घेण्याआधी बघून घ्या. हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, त्याच महिन्यात घेतलंत तर पहिल्या फेरीपासून सगळं सलग बघता येईल. आणि पोंगाला एक नंबर, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.