जुना सायलेन्सर दुकानात सोडू नका

मोटरसायकलचा सायलेन्सर स्वस्तात बदलून देणाऱ्या दुकानात खरा माल नव्या डब्यात नसतो. तो तुमच्या गाडीतून काढून कोपऱ्यात टेकवून ठेवलेला असतो.

व्यवहार बहुतेक वेळा असाच घडतो. गाडी १२५ सीसीची, चार-पाच पावसाळे काढलेली. सायलेन्सर खालच्या बाजूने सडलेला, आवाज फाटलेला. शोरूममध्ये नव्याची किंमत ऐकून माणूस गप्प होतो, आणि मग कोणीतरी त्याला एका गल्लीचा पत्ता देतं. तिथला दुकानदार गोड बोलतो. "दादा, नवा बसवून देतो, निम्म्याहून कमी पैशात. जुना राहू द्या इथेच, त्याचे पाचशे वजा करतो. नाहीतरी भंगारच आहे." गाडी अर्ध्या तासात तयार होते आणि नवा सायलेन्सर चकाकत असतो. मग हळूहळू अॅव्हरेज पडतं, आवाज वाढतो, बेंडजवळ, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या पाइपजवळ, काळी काजळी दिसू लागते आणि पुढच्या पीयूसीला मशीनवर आकडे वर जातात. दुकानात परत जावं, तर बिल नसतं आणि जुना सायलेन्सर केव्हाच पुढे गेलेला असतो.

शोरूमची किंमत एवढी का, याचं उत्तर सायलेन्सरच्या आत आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक लागू झालं. या गाड्यांमध्ये बेंड पाइपमध्ये किंवा सायलेन्सरच्या पुढच्या भागात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. गॅरेजच्या भाषेत ही 'जाळी'. पातळ धातूच्या पत्र्याची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची नळकांडी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा लेप. दुचाकीत हा लेप अगदी थोडा असतो, पण भंगारवाल्याच्या पुढची साखळी त्यासाठीच पैसे मोजते. पुणे-मुंबईकडे उभ्या मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या आल्या, त्या याच लेपासाठी. तुमच्या बाहेरून सडलेल्या सायलेन्सरमधली जाळी बहुधा धडधाकट असते. पाचशे वजा करून दुकानदार ती ठेवून घेतो, आणि तुम्हाला देतो तो क्रोम मारलेला साधा पत्रा. आत एक भोकं पाडलेली नळी, भोवती ग्लासवूल, बस्स.

दुसरा प्रकार जास्त हुशारीचा. यात सायलेन्सर बदलतच नाहीत, 'साफ' करतात. "चोक झालाय, म्हणून पिकअप नाही. कापून जाळी मोकळी करतो." सायलेन्सर कापतात, जाळी काढतात, रिकामं नळकांडं वेल्ड करून काळा रंग मारतात. ग्राहक मजुरी देतो आणि वर जाळीही देऊन येतो. आवाज थोडा भारदस्त झाल्यामुळे पिकअप वाढल्यासारखं वाटतं, तेवढंच. चोक झालेला सायलेन्सर ही मुळात टू-स्ट्रोकच्या जमान्यातली गोष्ट. त्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळायचं, काजळी साचायची, मग भट्टीत घालून किंवा कॉस्टिक सोड्याने सायलेन्सर साफ करावा लागे. चांगल्या स्थितीतल्या फोर-स्ट्रोकमध्ये ती वेळ येत नाही. जाळी खरोखर तुंबली असेल तर इंजिन ऑइल जाळत असणार किंवा मिसफायर होऊन कच्चं पेट्रोल जाळीत जाऊन ती वितळली असणार. म्हणजे दुखणं इंजिनात आहे. ते न बघता नवी जाळी बसवली तर तीही जाईल.

मीटरवरचा पिवळा दिवा लागला नाही म्हणजे जाळी शाबूत, असंही समजू नका. बऱ्याच गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर एकच असतो आणि तो जाळीच्या आधी बसवलेला असतो. मागची जाळी गेली हे त्याला कळतच नाही. उलट बेंडच्या तोंडाशी गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, नीट बसलं नसेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, पेट्रोल वाढवत जातो. नवा सायलेन्सर बसवल्यावर अॅव्हरेज का पडलं, याचं कारण पुष्कळदा हे एवढंच असतं. थ्रॉटल सोडल्यावर फट-फट आवाज येतो, तोही याच गळतीचा.

म्हणून गॅरेजला जाण्याआधीची तयारी महत्त्वाची. सायलेन्सरवर ठोकलेला किंवा कोरलेला पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव यांचा फोटो काढा. मूळ वेल्डिंगच्या शिवणी कुठे आहेत, त्यांचाही काढा. कापून जोडलेल्या सायलेन्सरला मधोमध नवी गोल शिवण असते, कारखान्याच्या शिवणीसारखी ती सरळ आणि एकसारखी नसते. ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला सेंटर पंचने दोन ठिपके मारून ठेवा. सायलेन्सर गाडीवरून उतरला की तिथेच लटकत्या वजनकाट्यावर तोला, आणि परत बसवण्याआधी पुन्हा तोला. ठिगळाने वजन किंचित वाढेल, कमी व्हायचं कारण नाही. आतून बघायला मोबाइलला जोडायचा वायरवाला कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. ऑक्सिजन सेन्सर काढल्यावर त्या भोकातून किंवा बेंडच्या तोंडातून तो आत घाला. बारीक षटकोनी किंवा लहरी भोकांची चकती दिसली म्हणजे जाळी जागेवर आहे. आणि काम संपेपर्यंत गॅरेजमधून हलू नका. "संध्याकाळी या" हे दोन शब्द फार महाग पडतात.

आता किरकोळ थापा. सायलेन्सरच्या मागच्या टोकाला, खालून, दोन-तीन मिलिमीटरचं एक गोल स्वच्छ भोक असतं. त्यातून पाण्याचे थेंब पडतात. हे भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही आणि ते पाणी आतच साचतं. त्याला वाट हवी म्हणून ते भोक. काही गॅरेजवाले त्याकडे बोट दाखवून "सडून भोक पडलंय" म्हणतात, वेल्डिंगचे पैसे घेतात आणि भोक बुजवतात. मग पाणी कोंडून सायलेन्सर आतून खरोखरच सडतो. गंजाने पडलेल्या भोकाची कड वेडीवाकडी असते, आजूबाजूचा पत्रा पापुद्र्यासारखा सुटतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबलं की आत जातो.

धुराचंही तसंच. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर पांढरी वाफ येते आणि मिनिटभरात थांबते, त्यात काही बिघाड नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पिस्टन रिंग नाहीतर व्हॉल्व्हची ऑइल सील. सायलेन्सर बदलून निळा धूर थांबत नाही, बदलणाऱ्यालाही ते माहीत असतं.

'एसएस'चा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, माल लोहचुंबक लावून दाखवणारे दुकानदार मात्र दाद द्यावी असे. "चिकटत नाही बघा, म्हणजे ३०४." ३०४ ही चांगल्या स्टीलची ग्रेड. पण चिकटला नाही एवढंच खरं. २०१, जे-४ असल्या स्वस्त स्टीललाही चुंबक नीट धरत नाही, आणि ते कोकणच्या हवेत लवकर तांबूस पडतं. दुसरीकडे, कंपन्या सायलेन्सरसाठी वापरतात त्या ४०९ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चटकन चिकटतो. म्हणजे या चाचणीत अस्सल माल नापास आणि हलका माल पास होतो. ग्रेड बिलावर लिहून मागा, किंमत लगेच बदलते.

मग कमी पैशात काय होऊ शकतं? बरंच काही. आवाज फुटलाय म्हणून सायलेन्सरच गेला असं नसतं. थंड इंजिन चालू करून बेंडच्या तोंडाशी, सांध्यावर आणि पोटाखाली हात थोडा लांब धरून फिरवा, मग लगेच बंद करा. भपकारा कुठे लागतो ते कळतं. हेडजवळ लागला तर गॅस्केट. हा भाग अगदी स्वस्त आहे, आणि तो जुनाच दाबून पुन्हा बसवणं हा मोठा आळशीपणा. गॅस्केट एकदा दाबलं की संपलं, बेंड उतरवला की नवं हवंच. खडखड आवाज येत असेल तर आधी हीट शील्डचे स्क्रू आणि त्याखालचे वॉशर तपासा. आतली जाळी किंवा पडदा सुटल्याचं निदान त्यानंतर.

पत्रा सडला असेल तर ठिगळ बसतं, पण नीट करायला हवं. गंजाच्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, पत्रा जळून भोक मोठं होतं. सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा तुकडा वळवून बसवावा आणि सीओ-टू वेल्डिंगने थोडं थोडं टाचत जोडावं. साधी आर्क या पातळ पत्र्याला जड जाते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम करणारे पुष्कळ आहेत, लहान गावात फॅब्रिकेशनवाल्याकडे विचारा. सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच वेल्ड करायचा, सेन्सर आधी काढायचा. गाडीवरच वेल्ड करून ईसीयू उडवल्याचा खर्च सायलेन्सरपेक्षा जास्त येतो. भोकावर इपॉक्सी लांबी फासून वर काळा रंग मारणं ही निव्वळ फसवणूक आहे, ती पहिल्या लांब फेरीतच जळते. रंग सिलिकॉनचा, ६०० अंश सेल्सिअस सोसणारा घ्या. उघड्या, तेल पुसलेल्या धातूवर पातळ थर द्या, खाली साधा प्रायमर नको.

फसवणुकीला सगळ्यात जास्त वाव असतो तो स्टडमध्ये. इंजिनाच्या हेडमध्ये बेंड धरणारे दोन स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे, बहुतेक लहान गाड्यांत सहा किंवा आठ मिलिमीटरचे. वर्षानुवर्षं तापून-भिजून नट घट्ट बसतो, गरम इंजिनावर पान्याचा झटका दिला की स्टड तुटतो. मग "हेड उतरवावं लागेल" आणि बिल हजारांत. तोडणारा कोण, हे विचारायचं राहून जातं. इंजिन पूर्ण थंड हवं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नट थोडा सैल, थोडा घट्ट असा खेळवत काढायला सांगा. तुटलाच तर बाहेर शिल्लक राहिलेल्या तुकड्यावर दोन नट एकमेकांवर आवळून तो बऱ्याचदा निघतो. आतच तुटला तर ड्रिल करून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसते, हेड न उतरवताही पुष्कळदा. बसवताना बेंडचे नट आधी हाताने, मग आलटून पालटून. मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट शेवटी. ड्युप्लिकेट सायलेन्सरचं ब्रॅकेट चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे असतं आणि ते ओढूनताणून जुळवतात. तो ताण थेट स्टडवर येतो, महिन्या-दोन महिन्यांत गॅस्केट पुन्हा गळू लागतं. म्हणून सगळे बोल्ट सैल असताना सायलेन्सर आपोआप जागेवर बसतो की नाही, हे स्वतः बघा.

वापरलेला अस्सल सायलेन्सर हा चांगला मार्ग आहे, अट एकच, बिलासह. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला बिल न देता मिळालेला 'ओरिजिनल' चोरीचा निघाला तर पोलीस तुमच्याही दारात येतात. अस्सल खोक्यात नकली माल घालणं नेहमीचं आहे. खोक्यावरचा नंबर आणि सायलेन्सरवरचा नंबर जुळवा. सुट्या भागांवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के झाला आहे. तो 'वाचवून देतो' म्हणणारा तुमची तक्रारीची सोय काढून घेतो. बिलावर पार्ट नंबर, गाडीचा नंबर आणि 'जुना भाग परत दिला' हे शब्द लिहून घ्या.

बुलेटच्या इंदोरी-पंजाबी सायलेन्सरवरचा 'एआरएआय अप्रूव्हड' स्टिकर प्रमाणपत्र नव्हे (एआरएआय ही गाड्या आणि भाग तपासणारी पुण्याची संस्था). प्रमाणपत्र कागदावर असतं आणि त्यात कोणत्या मॉडेलसाठी ते लिहिलेलं असतं. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. फटाके वाजवत फिरलात तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि सायलेन्सर रोड रोलरखाली जातो.

फसलाच असाल तर आधी दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा: "माझा जुना सायलेन्सर, पार्ट नंबर अमुक, परत हवा आहे." तोंडी भांडू नका, उत्तर लेखी आलं तर तोच पुरावा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. दुरुस्तीला दिलेल्या सायलेन्सरमधली जाळी न विचारता काढून विकली असेल, तर ती पोलीस तक्रारही होते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ विश्वासघाताचं आहे, ३१८ फसवणुकीचं. वजनाचे दोन फोटो आणि शिवणीचे आधीचे-नंतरचे फोटो अर्जाला जोडा.