कौलांखालच्या रिपा-वासे बदलले: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गळती लागली की सगळे आधी कौलाकडे बघतात. आमच्या दापोली तालुक्यात माकडं कौलं फोडतात, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण फुटलं कौल पाच मिनिटांत बदलता येतं; खालची रीप (कौलं जिच्यावर टेकतात ती आडवी लाकडी पट्टी) भिजत राहिली तर छप्परच बसतं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, एकेक दोन-अडीच किलोचं, आणि भिजल्यावर आणखी जड. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा कुजक्या रिपांवरची कौलं कशी उधळली ते आमच्या वाडीने पाहिलं आहे.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात नुसती शाकारणी (कौलं नीट करून लावणं) न करता कौलं उतरवून सगळा सांगाडा तपासला. पेचकसाचं टोक रिपेत सहज रुतलं की ती बाद. वाशाला, म्हणजे रिपांखालच्या उतरत्या लाकडाला, ठोकून बघायचं: भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आतून वाळवीने खाल्लेला. भिंतीवर टेकलेली टोकं आणि दोन पाखी (छपराचे उतार) मिळतात तिथल्या पन्हळीखालचं लाकूड सगळ्यात आधी जातं. स्वयंपाकघरावरचे वासे मात्र, वर्षानुवर्षं चुलीचा धूर खाल्लेले, टणक निघाले! ते तसेच ठेवले. ज्यांचं फक्त टोक कुजलं होतं त्यांना शेजारी नवं लाकूड बोल्टने जोडलं. सुतळी ताणल्यावर मधे झोल दिसला ते वासे पूर्ण बदलले, आणि रिपा सगळ्याच नव्या घातल्या.

लोखंडी पाइपचा सांगाडा करा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. वाळवीची कटकट जाते हे खरं, पण खाऱ्या वाऱ्यात वेल्डिंगच्या जागी गंज लवकर धरतो, म्हणून आम्ही किंजळाचं लाकूडच घेतलं. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल दोन हात दिलं. हातमोजे घालाच, कातडी भाजते. वासही बरेच दिवस जात नाही.

पावसाळ्यात घर कोरडं राहिलं. एकदाच थेंब आले, तेही माकडांनी कौल सरकवल्यामुळे. भिजलेली रीप चार दिवसांत सुकली, बुरशी नाही. समाधान आहे, पण एक तक्रार आहे. वखारीतून आलेल्या काही रिपा पुरत्या वाळलेल्या नव्हत्या. या उन्हाळ्यात त्या पिळवटल्या आणि वरची कौलं उचलली गेली, तेवढ्या बदलाव्या लागल्या. लाकूड आधीच्या दिवाळीला घेऊन सावलीत रचून ठेवणं उत्तम.

रिपांमधलं अंतर सुताराला तोंडी सांगू नका. ढोबळ १२-१३ इंच धरतात, पण कारखान्यागणिक कौल थोडं बदलतं. तुमचीच कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मापा आणि मगच खिळे ठोकू द्या. वाळवी लागलेलं जुनं लाकूड घराला टेकून रचू नका, लगेच जाळून टाका.