टाइमशेअरचे पॉइंट भाड्याने दिले : १४ महिन्यांनंतरचा अनुभव

टाइमशेअर म्हणजे दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहायचा विकत घेतलेला हक्क; आमच्याकडे तो पॉइंटांत मिळतो, पॉइंट खर्चून खोली बुक करायची. पॉइंट वापरा नाहीतर वाया घालवा, मेंटेनन्स, म्हणजे देखभालीची वार्षिक फी, काही चुकत नाही. गेल्या वर्षी घरात आजारपण निघालं, कुठे जाणं होईना, म्हणून उरलेले पॉइंट भाड्याने द्यायला काढले. 14 महिन्यांत तीन बुकिंग दिली. दोन सुरळीत पार पडली, तिसऱ्याने झोप उडवली.

यात पॉइंट दुसऱ्याच्या हाती जातच नाहीत. बुकिंग आपल्याच खात्यातून होतं, फक्त नाव पाहुण्याचं लागतं. आमच्याकडे त्यासाठी गेस्ट सर्टिफिकेट काढावं लागतं, त्याची फी निराळी. म्हणजे राहणार तो आणि निस्तरणार आपण. माझ्या तिसऱ्या पाहुण्याने बंदी असलेल्या खोलीत सिगारेटी ओढल्या, दंड माझ्या खात्यावर पडला आणि पठ्ठ्याने फोन उचलणंच बंद केलं. अनामत घ्यायला हवी होती, हे मागाहून सुचलं. तीन बुकिंगांतून निम्म्याहून थोडा जास्त मेंटेनन्स निघाला, त्यातून हा दंड वजा. धंदा वगैरे म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

भाड्याने द्यायला बंदीच घाला, असं काही सभासद म्हणतात. मला तरी तसं वाटत नाही. टाइमशेअर पुन्हा विकायला गेलं तर मूळ किमतीच्या जवळपासही कोणी येत नाही, त्यामुळे अडीनडीला हीच एक वाट उरते. शिवाय न विकलेल्या खोल्या कंपन्या स्वतः बाहेरच्यांना भाड्याने देतातच की! मग सभासदानेच काय घोडं मारलंय?

सुट्टीच्या तारखा मिळत नाहीत, ही इतर सभासदांची ओरड मात्र खरी आहे. डिस्ने व्हेकेशन क्लबात, म्हणजे डिस्नेच्या टाइमशेअरमध्ये, आपण ज्या रिसॉर्टचे पॉइंट घेतले त्याचं बुकिंग 11 महिने आधी उघडतं आणि इतर ठिकाणचं 7 महिने आधी. अशा पद्धतीत ढिगाने पॉइंट बाळगणारा दलाल बुकिंग उघडताक्षणी मोक्याच्या तारखा अडवतो आणि गिऱ्हाईक नंतर शोधतो. माझ्यासारखीने दिलेल्या आडहंगामी तीन बुकिंगांनी कोणाची दिवाळी बुडत नाही. तेव्हा खात्यामागे वर्षाला ठरावीक बुकिंगच पाहुण्यांच्या नावे करू द्यावीत, आणि गर्दीच्या तारखांना नाव बुकिंग करतानाच घ्यावं, नंतर बदलू देऊ नये. यात माझीही अडचण होईल, ती सोसेन.

आरसीआयसारख्या, सभासदांचे टाइमशेअर आपसांत बदलून देणाऱ्या कंपनीकडून अदलाबदलीत मिळालेला आठवडा भाड्याने देता येत नाही, तो नियम मला पटतो. तो आठवडा दुसऱ्या कोणी सोडलेला असतो, आपल्याला राहायला म्हणून मिळालेला. त्यावर पैसे कमावणं मलाही रुचत नाही.

या वर्षी उरलेल्या पॉइंटांवर नणंदेचं बुकिंग केलंय, फुकट. ती सिगारेट ओढत नाही.