लोकपाल, चौकशी आयोग की विशेष अभियोक्ता? सत्ताधाऱ्यांवरील देखरेखीच्या तीन रचनांची तुलना

मंत्री, पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्या कारभारावर स्वतंत्र देखरेख असावी, याला उघडपणे कोणी विरोध करत नाही. मतभेद सुरू होतात ते कायद्याचा मसुदा समोर आल्यावर, कारण तेव्हा कोणत्या प्रकारची संस्था मागायची आणि कोणत्या कलमावर अडून बसायचे, हे ठरवावे लागते. असा निर्णय घेणाऱ्या लोकप्रतिनिधींसाठी, अभ्यासगटांसाठी आणि मागणी लावून धरणाऱ्या नागरिकांसाठी जगात रुळलेल्या तीन रचनांची ही तुलना आहे. या तिन्हींकडे पाहताना संस्थेला किती अधिकार दिले, यापेक्षा ते अधिकार काढून घेणे किती सोपे ठेवले आहे, याला मी अधिक महत्त्व देतो.

पहिली रचना लोकपालाची. तिचा उगम स्वीडनच्या १८०९ च्या राज्यघटनेत आहे. कायदेमंडळाने निवडलेला, राजाच्या मर्जीवर अवलंबून नसलेला अधिकारी प्रशासनाविरुद्धच्या तक्रारी ऐकेल, कागदपत्रे मागवेल आणि आपला अहवाल जाहीर करील, अशी ही कल्पना होती. मात्र या मूळ संस्थेच्या कार्यकक्षेत मंत्री येत नाहीत, ही बाब अनेकदा नजरेतून सुटते. स्वीडनमध्ये मंत्र्यांच्या कामकाजाची छाननी संसदेची घटनाविषयक समिती करते, तर १९१९ च्या राज्यघटनेने हीच कल्पना स्वीकारणाऱ्या फिनलंडमध्ये मंत्रीही लोकपालाच्या देखरेखीखाली आले. ब्रिटनने १९६७ मध्ये असे पद निर्माण केले, तेव्हा नागरिकाने आपली तक्रार खासदारामार्फतच पाठवावी, अशी अट घातली. संस्थेची कल्पना एकच असली, तरी तिन्ही देशांत सर्वोच्च सत्ताधाऱ्यापर्यंत पोहोचण्याची तिची क्षमता अगदी वेगवेगळी आहे. म्हणून ‘आमच्याकडेही लोकपाल येणार’ या घोषणेवर समाधान मानण्याआधी कार्यकक्षेचे कलम शब्दन् शब्द वाचावे.

दुसरी रचना भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोगाची. लोकपाल सहसा शिफारस करतो. आयोग झडती घेतो, बँक खाती तपासतो आणि अटकही करू शकतो. हाँगकाँगमध्ये बेहिशेबी संपत्तीच्या चौकशीत सापडलेला पीटर गॉडबर हा वरिष्ठ पोलीस अधिकारी १९७३ मध्ये देश सोडून पळाला आणि पोलिसांनीच पोलिसांचा भ्रष्टाचार शोधण्याची व्यवस्था लोकांच्या नजरेतून उतरली. १९७४ मध्ये पोलीस दलाबाहेर स्थापन झालेल्या आयोगाकडे तपास, प्रतिबंध आणि लोकशिक्षण अशी तिहेरी जबाबदारी देण्यात आली; खटला भरायचा की नाही, हा निर्णय मात्र सरकारच्या विधी अधिकाऱ्यांकडे राहिला. तपास आणि अभियोग यांची ही फारकत मला योग्य वाटते, कारण आपणच जमवलेल्या पुराव्याकडे तटस्थपणे पाहणे कोणत्याही तपास अधिकाऱ्याला अवघड जाते. या रचनेची खरी अडचण दुसरीकडे आहे. आयोगाचा प्रमुख थेट शासनप्रमुखाला उत्तरदायी असल्यामुळे कनिष्ठ आणि मधल्या फळीवर तिचा धाक बसतो, पण सर्वोच्च पदाची चौकशी करताना आयोगाला आपल्याच वरिष्ठाची चौकशी करावी लागते.

सिंगापूरने या पेचावर काढलेला मार्ग बारकाईने पाहण्यासारखा आहे. तेथील तपास संस्था १९५२ पासून आहे आणि ती पंतप्रधानांच्या कार्यालयाखाली काम करते. १९९१ मधील घटनादुरुस्तीने अशी तरतूद केली की, पंतप्रधानांनी एखाद्या चौकशीला संमती नाकारली, तरी राष्ट्राध्यक्षांच्या सहमतीने संस्थेच्या संचालकाला ती पुढे नेता येते. याच संस्थेच्या तपासानंतर २०२४ मध्ये तेथील एका माजी मंत्र्याला १२ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. पंतप्रधानांपुढे दुसरे दार ठेवणारी ही तरतूद छोटीशी आहे, पण संपूर्ण रचनेचा तोल तिच्यावर आहे. आपल्या मसुद्यात चौकशीसाठी कोणाची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या व्यक्तीने ती नाकारल्यास पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर बाकीचे अधिकार कितीही मोठे असले तरी त्यांचा फारसा उपयोग होणार नाही.

या दोन रचनांमधील निवड दक्षिण आफ्रिकेइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही, कारण तेथे दोन्ही संस्था एकाच काळात, एकाच सत्ताधारी पक्षासमोर उभ्या होत्या. ‘स्कॉर्पियन्स’ या नावाने ओळखले जाणारे विशेष तपास पथक अतिशय प्रबळ होते. तपास अधिकारी आणि सरकारी वकील त्यात एकत्र काम करत आणि त्यांचा तपास राष्ट्रीय पोलीस प्रमुखापर्यंत, तसेच सत्ताधारी पक्षाच्या शीर्षस्थ नेत्यांपर्यंत पोहोचला होता. पण हे पथक साध्या कायद्याने निर्माण झाले होते. सत्ताधारी पक्षाने डिसेंबर २००७ च्या अधिवेशनात ते विसर्जित करण्याचा ठराव केला, २००८ मध्ये संसदेने साध्या बहुमताने तसा कायदा संमत केला आणि त्याची जागा पोलीस दलातील एका शाखेने घेतली. भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेला पुरेसे स्वातंत्र्य देणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे, असा निर्वाळा घटना न्यायालयाने २०११ मध्ये दिला. तोपर्यंत पथक संपलेले होते.

त्याच देशातील ‘पब्लिक प्रोटेक्टर’ म्हणजे लोकपालाच्या धर्तीचे पद. त्याला अटकेचा अधिकार नाही, खटला भरण्याचाही नाही. पण त्याची स्थापना राज्यघटनेच्या नवव्या प्रकरणात केलेली आहे आणि त्या पदावरील व्यक्तीला हटवण्यासाठी राष्ट्रीय सभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांचे मत लागते. त्या पदावर असलेल्या थुली माडोन्सेला यांनी मार्च २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या न्कांडला येथील खासगी निवासस्थानावर झालेल्या सरकारी खर्चाचा अहवाल दिला आणि सुरक्षेशी संबंध नसलेल्या बांधकामाच्या खर्चाचा वाजवी हिस्सा झुमा यांनी परत करावा, असे सांगितले. राष्ट्राध्यक्षांनी आणि संसदेने हा अहवाल बाजूला सारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा न्यायालयाने ३१ मार्च २०१६ रोजी निकाल दिला की न्यायालयाने रद्द केल्याशिवाय अशा उपाययोजना बंधनकारकच आहेत. झुमा यांना सुमारे ७८ लाख रँड भरावे लागले. अटकेचे अधिकार असलेली संस्था वर्षभराच्या राजकारणात नाहीशी झाली आणि केवळ अहवाल लिहिणारी संस्था पदावरील राष्ट्राध्यक्षाकडून पैसे वसूल करून गेली, ही घटना मला या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाची वाटते.

तिसरी रचना, म्हणजे एका प्रकरणापुरता नेमलेला विशेष अभियोक्ता, मी थोडक्यात आटोपतो. अमेरिकेत २० ऑक्टोबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणाचे (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) अभियोक्ते आर्चिबाल्ड कॉक्स यांना पदावरून दूर करायला लावले. तो आदेश पाळण्याऐवजी अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, एलियट रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. या अनुभवातून १९७८ चा कायदा आला आणि नेमणूक तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे गेली. पण मुदत आणि मर्यादा यांचे पुरेसे बंधन नसल्यामुळे जमीनव्यवहारापासून सुरू झालेली एक चौकशी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या खासगी आयुष्यापर्यंत गेली आणि १९९९ मध्ये दोन्ही पक्षांनी हा कायदा संपू दिला. आज तेथे असा अभियोक्ता अॅटर्नी जनरलच नेमतात. एखादे प्रकरण ऐरणीवर असताना ही रचना उपयोगी पडते. स्थायी संस्थेला पर्याय म्हणून ती कोणी सुचवत असेल, तर ती स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौकशी संस्थेच्या बळाला दुसरीही बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात निक ग्रायनर यांच्या सरकारने १९८८ मध्ये आयोग स्थापन केला. १९९२ मध्ये त्याच आयोगाने एका नेमणुकीच्या प्रकरणात त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढला आणि त्यांना मुख्यमंत्रीपद सोडावे लागले. त्याच वर्षी अपील न्यायालयाने तो निष्कर्ष आयोगाच्या अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला, पण गेलेले पद परत आले नाही. त्यामुळे जाहीर सुनावणी कधी घ्यावी आणि निष्कर्षाविरुद्ध न्यायालयात किती लवकर दाद मागता यावी, हे कायद्यातच लिहिलेले असले पाहिजे.

आता निवडीचा प्रश्न. ज्या देशात न्यायालये बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत आणि राज्यघटनेत दुरुस्ती करण्याइतका राजकीय पाठिंबा मिळण्याची शक्यता आहे, तेथे तपासाचे पूर्ण अधिकार असलेला, पण अभियोगापासून वेगळा ठेवलेला घटनात्मक आयोग मागावा. तेवढा पाठिंबा नसेल आणि साध्या कायद्याने निर्माण झालेला बलाढ्य आयोग किंवा घटनेत स्थान मिळालेला मर्यादित अधिकारांचा लोकपाल यांतून एकच मिळणार असेल, तर मी लोकपाल निवडेन. त्याच्या अहवालावर ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्याचे बंधन सरकारवर असावे, एवढा आग्रह मात्र सोडणार नाही. साध्या कायद्याने उभ्या राहिलेल्या आयोगाचे काय होऊ शकते, यासाठी इंडोनेशियाचे उदाहरण लक्षात ठेवावे. त्याने चौकशी केलेल्या प्रकरणात संसदेच्या सभापतींना २०१८ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१९ मध्येच कायदा बदलून आयोगाचे कर्मचारी सरकारी सेवेत वर्ग करण्याची तरतूद झाली व आयोगावर देखरेख मंडळ बसवले गेले.

मसुदा हातात घेतल्यावर पदच्युतीचे कलम प्रथम वाचावे. रोमानियाच्या भ्रष्टाचारविरोधी मुख्य अभियोक्त्या लॉरा कोवेशी यांना २०१८ मध्ये न्यायमंत्र्यांच्या प्रस्तावावरून हटवण्यात आले. त्यांना या निर्णयाविरुद्ध परिणामकारक दाद मागण्याची सोय नव्हती, असे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. त्यानंतर नेमणुकीची मुदत पाहावी. भारतात लोकपालाचा कायदा जानेवारी २०१४ मध्ये अमलात आला आणि पहिले लोकपाल मार्च २०१९ मध्ये नेमले गेले. मधल्या पाच वर्षांत कायद्यातील एकही अधिकार कोणी काढून घेतलेला नव्हता, फक्त तो वापरणारी व्यक्ती नव्हती. म्हणून पद रिकामे झाल्यापासून किती दिवसांत ते भरायचे, आणि निवड समितीने तेवढ्या दिवसांत नाव न दिल्यास नेमणुकीचा अधिकार कोणाकडे जाईल, ही दोन वाक्ये मसुद्यात नसतील, तर ती आधी घालून घ्यावीत आणि मगच अधिकारांच्या यादीवर चर्चा सुरू करावी.