गो चे जेनेरिक्स वापरून झाले, चार स्टार देतोय

मार्च २०२२ ला गो या प्रोग्रामिंग लँग्वेजचं १.१८ व्हर्जन आलं तेव्हा आमच्या टीममध्ये जेनेरिक्स (एकच फंक्शन वेगवेगळ्या डेटा टाइपसाठी चालवायची सोय) आले जेनेरिक्स आले म्हणून सगळे खुश, मी तर जास्तच. जावावाले २००४ पासून वापरतायत आणि आम्ही आपले प्रत्येक टाइपला तेच फंक्शन कॉपी-पेस्ट, नायतर रिकामा इंटरफेस (ज्यात कुठलाही टाइप बसतो) घ्या आणि आत टाइप असर्शन (खरा टाइप सांगून व्हॅल्यू बाहेर काढणं) मारत बसा.

सुरुवात मस्त झाली. बिलिंगमध्ये बेरजेची दोन फंक्शनं होती, एक इंट६४ (पूर्णांक) चं एक फ्लोट६४ (दशांश) चं, 'नंबर' नावाचा कन्स्ट्रेंट (कुठले टाइप चालतील याची अट) करून दोन्ही एकात बसवली. मग आमचा 'पैसे' टाइप दिला, तो इंट६४ वरच बनवलेला, तरी कंपायलर अडला. पण एररमध्येच लिहिलेलं की इंट६४ च्या आधी टिल्डे (~) राहिला असेल बघा. ती नागमोडी रेघ लावली की इंट६४ आणि त्यावर बनलेले सगळे टाइप चालतात. चूक दाखवून वर उत्तरही सांगणारा कंपायलर, याचे पूर्ण मार्क.

घोळ पुढे झाला. कन्स्ट्रेंट पण 'इंटरफेस' याच कीवर्डनं लिहायचा, म्हणून मला वाटलं हा नेहमीचाच इंटरफेस (ठरलेल्या मेथड, म्हणजे टाइपची स्वतःची फंक्शनं, असली की कुठलाही टाइप चालतो तो), आणि मी नंबरची स्लाइस, म्हणजे व्हॅल्यूंची लिस्ट, केली, थोडे इंट थोडे फ्लोट टाकू म्हणून. नाय चालत! टाइपांची यादी असलेला इंटरफेस फक्त कन्स्ट्रेंट म्हणून वापरता येतो, व्हेरिएबलचा टाइप म्हणून नाय. डोकं शांत झाल्यावर पटलं, कारण कन्स्ट्रेंटमध्ये एका कॉलला टी (टाइपच्या जागी लिहायचं नाव) म्हणजे एकच टाइप, सगळे इंट नायतर सगळे फ्लोट, म्हणून तर बेरीज जमते. साध्या इंटरफेसची स्लाइस म्हणजे शेअर रिक्षा, कोण बसलंय याच्याशी ड्रायव्हरला देणंघेणं नाय, भाडं देता आलं म्हणजे मेथड असली की बास.

जोशात मी रायटर (डेटा लिहायचा साधा इंटरफेस) घेणारं एक साधं फंक्शन पण जेनेरिक केलं. रिव्ह्यूमध्ये सिनियरनी एवढंच विचारलं, "मिळालं काय यातून?" काहीच नाय. उलट पॉइंटर टाइप सगळे एकच जनरेट केलेला कोड वापरतात आणि मेथड डिक्शनरीतून (टाइपच्या माहितीच्या तक्त्यातून) शोधावी लागते, म्हणजे स्पीड वाढायचा सोडून कधी कधी कमीच. गुपचूप मागे घेतलं.

पण स्ट्रिंगची स्लाइस 'एनी'च्या (रिकाम्या इंटरफेसचंच दुसरं नाव) स्लाइसच्या जागी देता येत नाय, लूप लावून एकेक कॉपी करा, तिथं कन्स्ट्रेंटच पाहिजे. जो टाइप आत दिला तोच बाहेर येतो, असर्शनची कटकट नाय. १.२१ मधलं स्लाइसेस पॅकेज बघा, रोज वापरतो.

'कम्पॅरेबल' (== नं तुलना करता येणाऱ्या टाइपांचा कन्स्ट्रेंट) मात्र जपून. १.२० पासून त्यात 'एनी' पण बसतो, म्हणजे मॅपच्या की मध्ये कोणी स्लाइस (जिची तुलना होत नाय) कोंबली तर कंपाइल होतं आणि चालताना पॅनिक, म्हणजे प्रोग्राम कोसळतो.

एक स्टार कापला तो 'इंटरफेस' या एकाच कीवर्डसाठी. नवीन मुलगी जॉइन झालीय, काल तिनं पण नंबरची स्लाइसच करून आणली.