खंजिरीसाठी म्यूझस्कोअर स्टुडिओ ४: चिन्हं ढिगाने, नवं घडवायची सोय मात्र नाही

खंजिरी भजन किंवा झाडीपट्टीच्या नाटकातलं वादन कागदावर उतरवताना भातखंडे पद्धत अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते. मात्रा, सम, टाळी, खाली सगळं येतं. पण या स्वरलेखन पद्धतीत बोट कातड्यावरून ओढलं, कातडं दाबून आवाज चढवला, थाप न मारता नुसत्या चकत्या वाजवल्या, तर याला तिथे खूण नाही. विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य संगीतकारांनी तालवाद्यांसाठी नेमक्या असल्याच खुणा घडवल्या. त्या मराठी बोलांसकट, फुकटात आणि गावात नेट नसतानाही मांडता येतात का, एवढ्याच कसोटीवर म्यूझस्कोअर स्टुडिओ ४ या संगीतलेखनाच्या सॉफ्टवेअरचं हे परीक्षण आहे. गुण द्यायचे तर दहापैकी सात.

म्यूझस्कोअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. एकदा बसवलं की नेट लागत नाही. मोठ्या, गोड आवाजांच्या ध्वनिसंचांसाठी कित्येक जीबी उतरवावे लागतात. लेखनाच्या कामाला त्यांची गरज नाही, सोबत येणारा एमएस बेसिक हा ध्वनिसंच पुरतो. विंडोज असेल तर ४ ही आवृत्ती ६४ बिटच्याच विंडोजवर चालते, आणि तिची फाइल जुन्या ३ मध्ये उघडत नाही. शाळेतल्या जुन्या संगणकावर काम असेल तर हे आधीच तपासा.

खरी ताकद चिन्हांच्या साठ्यात आहे. स्मफल नावाचं संगीतचिन्हांचं प्रमाण स्टाइनबर्ग कंपनीने २०१३ मध्ये मांडलं, त्यावर बेतलेले लेलँड आणि ब्रावुरा हे फाँट सोबतच येतात. शिफ्ट+एफ९ दाबून मास्टर पॅलेट, म्हणजे सगळ्या चिन्हांची पेटी, उघडा, खाली ‘सिम्बॉल्स’मध्ये जा आणि शोधचौकटीत ‘स्क्रेप’ किंवा ‘रिम’ इंग्रजीत टाका. मध्यापासून कडेकडे घासणं, कडेवर वाजवणं, यांची छोटी चित्रं समोर येतात. आधी स्वर निवडायचा, मग चिन्हावर क्लिक करायचं. चिन्ह बहुधा स्वराच्या डोक्यावरच (स्वरखुणेच्या गोल भागावरच) येऊन बसतं. तिथून माऊसने ओढू नका. एकाला उजवं क्लिक करून त्याच्यासारखी सगळी निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये (एफ८) उभं अंतर एकदाच भरा. हाताने ओढलेल्या पन्नास चिन्हांची रांग कधीच सरळ येत नाही.

वाद्य निवडताना खंजिरी शोधू नका, ‘टॅम्बोरीन’ घ्या; एका रेघेचा स्टाफ, म्हणजे स्वर मांडायची रेघ, मिळतो. पुढची पायरी ड्रमसेटची, म्हणजे कोणता आघात कुठे दिसेल आणि कसा वाजेल ते ठरवणाऱ्या तक्त्याची, आणि बहुतेकांचं काम अडतं ते इथेच. प्रत्येक आघाताला स्वतंत्र मिडी क्रमांक (संगणकाला कोणता आवाज वाजवायचा ते सांगणारा आकडा) लागतो, एका क्रमांकावर दोन आघात बसत नाहीत. ५४ हा टॅम्बोरीनचा, तो चकत्यांना द्या आणि डोकं हिऱ्याच्या आकाराचं ठेवा. उघडी थाप ६० वर आणि दाबलेली ६१ वर टाकली की बोंगोचे आवाज येतात. निदान कातड्याचा भास होतो. जवळचाच म्हणून ५६ घेतलात तर थापेच्या जागी काउबेल वाजेल. कडेच्या आघाताला फुलीचं डोकं द्या. आवाजावर विसंबून ताल तपासा, नाद मात्र तपासू नका.

कातडं दाबून चढवलेला आवाज एका रेघेवर दिसत नाही. स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीजमध्ये रेघा ३ करा, दोन स्वर वेगळ्या उंचीवर लिहा आणि मध्ये ग्लिसँडोची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, रेघ जोडा. रेघा बदलल्यावर ड्रमसेटमधल्या जागाही पुन्हा लावाव्या लागतात, हे विसरलं की सगळी डोकी भलतीकडे दिसतात. लय हळूहळू वाढत जाते तिथे पंख्यासारखी पसरणारी बीम (स्वरांच्या काड्या जोडणारी जाड पट्टी) प्रॉपर्टीजमध्येच मिळते.

बोल लिहायला कंट्रोल+एल. मूळचा एडविन फाँट देवनागरी जाणत नाही, त्यामुळे संगणक मनाने दुसरा फाँट लावतो. जोडाक्षरं नीट दिसतात, पण संगणक बदलला की अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळी सरकतात. टेक्स्ट स्टाइल्समध्ये ‘लिरिक्स’च्या विषम ओळींसाठी आणि सम ओळींसाठी अशा दोन वेगळ्या शैली आहेत, दोन्हींना मंगल किंवा नोटो देवनागरी लावा. एकीलाच लावून सोडलं की दुसरं कडवं बेढब दिसतं.

तीन गुण कापले ते मुख्यतः एका कारणासाठी: साठ्यात नसलेलं चिन्ह आतल्या आत घडवता येत नाही. डोरिको प्रो आणि सिबेलियस या संगीतलेखनाच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, पण त्यांना पैसे मोजावे लागतात. इथे वळसा घालावा लागतो. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये खूण काढा, एसव्हीजी (मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) म्हणून साठवा आणि ती फाइल पानावर सोडा. प्रॉपर्टीजमध्ये माप स्टाफ स्पेसमध्ये (स्टाफच्या दोन रेघांमधल्या अंतरात) ठेवा, नाहीतर स्टाफचा आकार बदलला की खूण तेवढीच राहते. मग कंट्रोल+शिफ्ट दाबून ती स्वतःच्या पॅलेटमध्ये ओढून ठेवा. पीएनजी टाळा, छापल्यावर कडा फाटतात. आणि म्यूझिकएक्सएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या संगीत-सॉफ्टवेअरला द्यायच्या फाइलमध्ये, ही चित्रं जात नाहीत. नागपूर-पुण्याच्या कुणाला फाइल द्यायची तर जोडीला पीडीएफ हवीच.

तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात पीडीएफच न्या, म्यूझस्कोअरची फाइल तिथे उघडणार नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको. स्टाफ स्पेस मूळची १.७५ मिलिमीटर असते; टोनर फिका असेल तर २ करा, बारीक नागमोडी रेघा तरच टिकतात. पहिल्या पानावर टेक्स्ट फ्रेम टाकून खुणांचा खुलासा द्या. मजकुरात कर्सर असताना एफ२ दाबलं की तीच संगीतचिन्हं अक्षरांच्या ओळीत घालता येतात.